टर्नर ओक: वादळाने वाचवलेलं झाड

इंग्लंडचा नेहमीचा ओक हिवाळ्यात पार उघडा पडतो, तर भूमध्य सागराकाठचा होम ओक बारा महिने हिरवागार. या दोघांच्या संकरातून झालेला टर्नर ओक म्हणूनच निमसदाहरित आहे. स्पेन्सर टर्नर यांची रोपवाटिका एसेक्समध्ये हॉलोवे डाऊनला होती. आता तो भाग पूर्व लंडनमध्ये मोडतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा संकर तिथे वाढला आणि मालकाचं नाव त्याला चिकटलं.

पानं गडद हिरवी, चिवट, कडेला मोजकेच दाते असलेली. जुनी पानं हिवाळाभर टिकतात आणि वसंताच्या तोंडावर गळतात. हिवाळा कडक असला तर आधीच. झाड फार उंच जात नाही, आडवं पसरतं. फळं क्वचितच धरतात, आणि बी रुजलं तरी रोप आईसारखं निघेल याची खात्री नाही. त्यामुळे हापूससारखीच इथेही भिस्त कलमावर. चिकणमाती असो की चुनखडीची जमीन, ऊन मोकळं मिळालं की ते तक्रार करत नाही.

त्याला सोसत नाही ती तुडवलेली माती. लंडनच्या क्यू उद्यानात १७९८ साली लावलेला टर्नर ओक १९८०च्या दशकात खंगत चालला होता. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी बुंध्याभोवतीची जमीन इतकी घट्ट झाली होती की मुळांना हवा-पाणी मिळेना. १६ ऑक्टोबर १९८७च्या पहाटे दक्षिण इंग्लंडवर प्रचंड वादळ आलं. एकट्या क्यूमध्ये सुमारे ७०० झाडं गेली. हा ओक मात्र मुळांच्या गड्ड्यासकट वर उचलला गेला आणि पुन्हा जागच्या जागी बसला. पडलेली झाडं हटवण्याची घाई होती, म्हणून याला तात्पुरते टेकू देऊन ठेवलं. पुढे तोडायचंच होतं. तोडायची वेळ येईपर्यंत तीनेक वर्षं गेली आणि पाहतात तर झाड जोमाने फुटलेलं! वादळाने नांगरट करावी तशी माती मोकळी केली होती.

क्यूचे माजी वृक्षतज्ज्ञ टोनी कर्कहॅम यांनी हा किस्सा अनेकदा सांगितला आहे. तो नुसता किस्सा राहिला नाही, हे जास्त महत्त्वाचं. जुन्या झाडांच्या मुळांशी दाबाने हवा सोडून माती भुसभुशीत करण्याची पद्धत क्यूने त्यानंतर अवलंबली.