दिवाळीत बोन्साय भेट देताय? घेण्याआधी हे वाचा

ज्यांना भेट द्यायची आहे त्यांच्या घरी ऊन कुठे आणि किती वेळ येतं? दिवाळीच्या खरेदीला आमच्या रोपवाटिकेत येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही पहिल्यांदा हेच विचारतो. बजेट, कुंडीचा रंग, झाडाची उंची हे सगळं नंतर. फराळाचा डबा आठ दिवसांत संपतो. झाडाला मात्र भेट दिल्यानंतरच खरी देखभाल लागते, आणि ती ज्याला दिलं त्यानं करायची असते. म्हणून झाडापेक्षा माणूस आणि त्याचं घर बघून निवड करा, असा आमचा आग्रह असतो. त्यासाठी एखादी विक्री गेली तरी चालेल.

सुरुवातीला एक गैरसमज दूर करू. बोन्साय ही झाडाची वेगळी जात नाही. जुन्या वाड्याच्या भिंतीत उगवलेला पिंपळ आणि आमच्या ट्रेमधला पिंपळ एकच. फरक आहे तो मुळांना मिळालेल्या जागेचा आणि वर्षानुवर्षं केलेल्या छाटणीचा. "झाडाला उपाशी ठेवून खुजं करतात" असं अनेक जण म्हणतात. उपाशी ठेवलेलं झाड बुटकं होत नाही, ते मरतं. उलट कुंडी उथळ असल्यामुळे बोन्सायला खत आणि पाणी जमिनीतल्या झाडापेक्षा जास्त काळजीनं द्यावं लागतं. ही कला चीनमध्ये रुजली, जपानमध्ये बहरली, आणि आपल्याकडे वड, पिंपळ, चिंच, बोगनवेल अशा झाडांवर ती फार छान जमते.

कुणाला कोणतं झाड

पहिल्यांदाच झाड सांभाळणाऱ्यासाठी आम्ही बहुतेक वेळा नांद्रुक काढून देतो. वडाच्याच कुळातलं हे झाड. पान लहान आणि चकचकीत, बुंधा लवकर जाडजूड होतो, चुकीची छाटणी झाली तरी नवीन फुटवा येतो. गॅलरीत सकाळचं तीन-चार तास ऊन मिळालं तरी भागतं. कोल्हापूरच्या हवेला ते चांगलं रुळलंय, पावसाळ्यात तर ते अंगात आल्यासारखं वाढतं.

विसराळू माणसाला, किंवा सारखं पुण्या-मुंबईला जाणाऱ्या कुटुंबाला, जेड द्या. दक्षिण आफ्रिकेतलं हे झाड पानांतच पाणी साठवतं. माती पूर्ण सुकल्यावरच त्याला पाणी द्यायचं. जेड मरतं ते बहुतेक वेळा जास्त पाण्यानं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या कारखान्यांतून आम्हाला दरवर्षी एकगठ्ठा भेटीसाठी विचारणा होते. तिथेही आम्ही जेडच सुचवतो, कारण ऑफिसातल्या टेबलावरच्या झाडाला शनिवार-रविवार कुणीच पाणी घालत नाही. फक्त टेबल खिडकीजवळ हवं.

गच्ची आहे, दिवसभर ऊन आहे, रंगाची आवड आहे, तर बोगनवेल. पाऊस सरला की तिला बहर येतो, म्हणजे दिवाळीच्या आसपास ती तुमच्या बाजूनं असते. रंगीत दिसतात ती खरं तर पानंच. फूल त्यांच्या आत असतं, बारीक आणि पांढरट. सावलीत ठेवलेली बोगनवेल नुसती हिरवी राहते, तेव्हा फ्लॅटच्या आतल्या खोलीसाठी ती नको.

आई, मावशी, आत्या यांच्यासाठी कामिनी. काही जण तिला कुंती म्हणतात. पांढऱ्या फुलांचा वास संध्याकाळी घरभर पसरतो, आणि नुसती शोभा बघण्यापेक्षा फुलाची वाट बघणं ज्यांना आवडतं त्यांना ही भेट पोचते.

अडेनियम दिसायला देखणं आहे, जाड बुंध्यामुळे कमी वर्षांतही म्हातारं वाटतं. पण त्याचा चीक विषारी आहे. आफ्रिकेत काही ठिकाणी बाणांना लावायचं विष त्यापासून करत. रांगतं मूल किंवा झाड चावणारं कुत्रं-मांजर असलेल्या घरी ते देऊ नका. आणि थंडीत त्याची पानं गळतात. ते मेलेलं नसतं, झोपलेलं असतं. तेव्हा पाणी अगदी कमी.

औदुंबराबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण नरसोबाची वाडी जवळ असल्यामुळे कोल्हापुरात त्याची मागणी मोठी आहे. औदुंबर आम्ही देतो, पण त्याचं पान मोठं असतं आणि फार लहान होत नाही. हातभर ट्रेमध्ये ते बेढब दिसतं. त्याला मोठी कुंडी आणि अंगणाची जागा द्या. पूजेत ठेवणार असाल तर हळद-कुंकू बुंध्याजवळच्या एखाद्या दगडाला लावा. दूध, साखर, अक्षता कुंडीत टाकू नका. उथळ कुंडीत दूध नासतं, मुंग्या येतात, बुरशी धरते आणि मुळं सडतात.

कोणाला देऊ नये

घरात वडीलधारे "वास्तूत बोन्साय नको" असं मानत असतील तर त्यांच्याशी वाद घालण्यासाठी झाड पाठवू नका. पिंपळाबद्दलही तेच. पिंपळ घरात ठेवायचा नाही, कापायचा नाही अशी अनेकांची श्रद्धा असते, आणि बोन्साय तर कापावंच लागतं. अशा घरी कामिनी किंवा जेडचं साधं कुंडीतलं रोप द्या. सणाच्या दिवशी कुणाच्या मनाला खुटखुट लागेल असं काही देऊ नये, असं आम्हाला वाटतं.

जुनिपर आणि पाइन हे चित्रांत दिसणारं "खरं" बोन्साय म्हणून पुष्कळ जण मागतात. जुनिपर घरात जगत नाही, त्याला उघड्यावरच ठेवावं लागतं. त्यात आणखी एक खोट अशी की मेलेलं जुनिपर कित्येक आठवडे हिरवंच दिसतं. तुम्ही घेता तेव्हा ते जिवंत आहे का, हे नवख्याला कळत नाही. दिवाळीच्या भेटीसाठी आम्ही ही झाडं ठेवत नाही.

कुठूनही घ्या, पण कुंडीच्या पृष्ठभागावरचे खडे बोटानं हलवून बघा. काही ठिकाणी ते गोंदानं चिकटवलेले असतात. प्रवासात माती सांडत नाही हा विक्रेत्याचा फायदा, पण पाणी वरूनच वाहून जातं आणि आतली मुळं कोरडी राहतात. असं झाड भेट मिळालं असेल तर पहिल्याच दिवशी तो थर स्क्रूड्रायव्हरनं हळूहळू फोडून काढा. दुसरं, कुंडी उलटीकडून बघा. खाली भोक नसेल तर ती शोभेची कुंडी आहे, बोन्सायची नाही.

ज्याच्याकडे झाडं आधीच आहेत

हौशी माणसाला आणखी एक झाड देण्यापेक्षा सामान दिलेलं जास्त आवडतं. त्याला कोणतं झाड हवंय हे तुम्हाला ठाऊक नसतं, पण चांगली कात्री कुणालाही कमी पडते.

आमच्या सामानाच्या पेटीत लांब दांड्याची बारीक कात्री, ॲल्युमिनियमच्या तारेची तीन जाडींची वेटोळी, भोकांवर टाकायची जाळी, बांबूची काडी आणि चाळलेलं माध्यम, म्हणजे कुंडीत मातीऐवजी घालायचं मिश्रण, असतं. तारेबद्दल थोडं. फांदीला हवं तसं वळण द्यायला ती फांदीभोवती गुंडाळतात. जुन्या वायरिंगमधली तांब्याची तार सोलून वापरणारे हौशी कोल्हापुरात आहेत, आणि ती वाईट नाही. पण तांबं वाकवलं की कडक होतं, काढताना नवख्या हातून फांदी मोडते. ॲल्युमिनियम मऊ राहतं, म्हणून भेटीत तेच. तारेची जाडी फांदीच्या साधारण एक तृतीयांश हवी, वेढे तिरके हवेत. आणि काढताना ती उलगडायची नाही, जागोजागी कापायची. नांद्रुकाची फांदी पावसाळ्यात इतक्या झपाट्यानं जाड होते की दर आठवड्याला तार बघावी लागते. ती सालीत रुतली की वळ वर्षानुवर्षं दिसतात.

जरा मोठं बजेट असेल तर अंतर्वक्र तोंडाचा कटर द्या. साध्या कात्रीनं कापलेल्या फांदीचा खुंट बुंध्यावर राहतो. हा कटर किंचित खोल कापतो, त्यामुळे जखम भरली की साल सपाट येते. ज्यानं एकदा हा वापरला तो पुन्हा साध्या कात्रीकडे वळत नाही.

माध्यम आम्ही इथलंच करतो. दोन भाग विटांचे बारीक तुकडे, एक भाग जाड वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत, आणि सगळं चाळून धूळ काढलेलं. विटेचा तुकडा पाणी धरतो आणि तुकड्यांच्या मधल्या फटींतून हवा खेळते. शिरोळ-हातकणंगल्याकडची काळी माती उसाला सोनं, पण बोन्सायच्या ट्रेमध्ये ती पावसाळ्यात चिखल होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. शेतातली माती पेटीत घालून द्यायचा मोह आवरा.

मातीच्या उथळ कुंड्याही मिळतील. भाजलेली, चकाकी न दिलेली कुंडी श्वास घेते. फक्त तिचे पाय बघा. कुंडी जमिनीवर सपाट टेकली तर भोकं असूनही पाणी अडतं.

झाडासोबतचं कार्ड

1976 मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला 200 वर्षं झाली, तेव्हा जपाननं 53 बोन्साय भेट पाठवली. त्यातलं एक पांढरं पाइन हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबानं दिलेलं होतं. 1625 पासून ते घडवलं जात होतं. आज ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात आहे. 6 ऑगस्ट 1945 ला अणुबॉम्ब पडला तेव्हा हे झाड स्फोटापासून सुमारे 3 किलोमीटरवर, कुटुंबाच्या रोपवाटिकेत, उंच भिंतीच्या आडोशाला होतं. देताना त्यांनी ही गोष्ट सांगितली नाही. 2001 मध्ये त्या घरातले नातू झाड बघायला आले, तेव्हा सांभाळणाऱ्यांना ती कळली.

आमच्या झाडांना असा इतिहास नाही. पण प्रत्येक झाडाला काही ना काही घडलेलं असतं, आणि ते घेणाऱ्याला कळायला हवं. म्हणून प्रत्येक झाडासोबत आम्ही हातानं भरलेलं कार्ड देतो. झाडाचं नाव, आमच्याकडे कधी आलं, कुंडी शेवटची कधी बदलली, कोणत्या फांदीला तार होती, पुढची छाटणी केव्हा. मागची बाजू मोकळी ठेवलेली आहे, तिथे तुम्ही लिहा. कुणासाठी, कशासाठी निवडलं ते. बाळाच्या पहिल्या दिवाळीला घेतलेलं झाड असेल तर तारीख नक्की घाला.

घरी पोचल्यावर

पहिल्या दोन आठवड्यांत नांद्रुकाची पानं पिवळी पडून गळतील. सगळ्यात जास्त फोन आम्हाला याच कारणासाठी येतात. जागा बदलली, उजेड बदलला की हे झाड पानं टाकतं आणि नवीन जागेला साजेशी काढतं. घाबरून जास्त पाणी घालू नका, खत तर मुळीच नको. बारीक फांदीवर नखानं हलकं खरवडा. खाली हिरवं दिसलं तर झाड ठीक आहे.

पाणी घड्याळावर नको, बोटावर हवं. बोटाचं एक पेर मातीत घाला. कोरडं लागलं तर झारीनं वरून, खालच्या भोकांतून पाणी निघेपर्यंत घाला. पाच मिनिटांनी पुन्हा एकदा. ऑक्टोबरच्या उन्हात गच्चीवरच्या लहान ट्रेला दिवसातून दोनदा लागेल, थंडीत कदाचित एक दिवसाआड. कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नका. बोअरचं पाणी असेल तर पानांवर पांढरे डाग येतात, ओल्या फडक्यानं पुसून घ्या.

पानाच्या खाली किंवा फांदीच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. ओल्या कापसानं पुसा, मग निंबोळी तेलाची फवारणी संध्याकाळी करा.

कुंडी बदलायची घाई दिवाळीत करू नका. नवीन कुंडी भेट मिळाली तरी ती थांबू शकते. आपल्याकडे फाल्गुनापासून पहिल्या पावसापर्यंतचा काळ त्यासाठी बरा.

सणाच्या दिवसांत

पणती झाडाजवळ नको, ज्योतीच्या धगीनं पानांच्या कडा करपतात. लाइटच्या माळा फांद्यांना गुंडाळू नका. मुलांच्या किल्ल्यावर बोन्साय झाड म्हणून ठेवायची हौस असते, आणि ते शोभतंही सुंदर. ठेवा, पण कुंडीसकट, आणि फटाक्यांच्या वेळी आत न्या. दुसऱ्या दिवशी पानांवर पाणी मारून धूर-धूळ धुऊन काढा.

प्लॅस्टिकच्या चकचकीत कागदात झाड बांधून आम्ही देत नाही, आत वाफ धरते. सुती कापडात किंवा उघड्या खोक्यात देतो. बंद गाडीत उन्हात ठेवू नका, अर्धा तासही पुरतो. पुण्या-मुंबईला एसटीनं न्यायचं असेल तर तसं आधी सांगा, माती सांडू नये म्हणून वरून कापड आणि सुतळीनं बांधून देऊ. परदेशी जाणाऱ्यांना झाड देऊ नका. बहुतेक देशांत माती घेऊन जाता येत नाही आणि विमानतळावर ते टाकून द्यावं लागतं. त्यांच्यासाठी कात्री-कटर द्या, पण ते चेक-इन सामानात.

मागणी नोंदवताना

घरच्या खिडकीचा किंवा गॅलरीचा मोबाइलवर काढलेला फोटो घेऊन या, सकाळी दहाच्या सुमाराचा असेल तर उत्तम. पंचवीसपेक्षा जास्त झाडं हवी असतील तर घटस्थापनेच्या आत सांगा, म्हणजे प्रत्येक झाड निवडून त्याचं कार्ड भरता येईल. वसुबारसेनंतर आम्ही नवीन मोठी मागणी घेत नाही. भाऊबीजेनंतर महिनाभर, आमच्याकडून नेलेलं कुठलंही झाड, पानं गळत असतील, तार सोडवायची असेल किंवा नुसती शंका असेल, तरी कार्डासकट घेऊन या. बघण्याचे पैसे घेत नाही. किमतीचा तक्ता सोबतच्या वेगळ्या कागदावर आहे.