पाय करणारा माणूस आला कुठून?

आमच्या वाड्यावरच्या एका आजोबांचा पाय शुगरमुळे गुडघ्याखाली कापावा लागला, तेव्हा पहिल्यांदा कळलं की सर्जन पाय कापतो, फिजिओ व्यायाम घेतो आणि नवा पाय करतो तो तिसराच माणूस, ज्याला आपल्याकडे धड नावच नाही. कुणी त्याला टेक्निशियन म्हणतं, कुणी नुसतं ‘जयपूर फूटवाला’. खरं नाव प्रोस्थेटिस्ट आणि ऑर्थोटिस्ट. गेलेल्या अवयवाच्या जागी नवा बसवायचा ते प्रोस्थेसिस, आणि आहे त्याच अवयवाला आधार द्यायचा म्हणजे कॅलिपर, स्प्लिंट, पाठीचा बेल्ट, ते ऑर्थोसिस. दोन्ही कामं बहुतेक एकच माणूस करतो.

हे काम जुनं किती, तर ऋग्वेदात अश्विनीकुमारांनी विश्पलेला लोखंडी पाय दिल्याचा उल्लेख आहे आणि इजिप्तमध्ये एका ममीच्या पायाला लाकडी अंगठा सापडलाय. पण ते करणारे होते कोण? सुतार, लोहार, चांभार. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या आंब्रॉझ पारे या सर्जननं कृत्रिम हातपायांची डिझाइन्स केली, तरी प्रत्यक्ष घडवायला कारागीरच लागायचा. आपल्या पणजीत वैद्यकीय शाळा १८४२ सालीच सुरू झाली, पण पाय करणं तेव्हा जगात कुठेच डॉक्टरकीत धरत नव्हते, ते मेस्ताचंच, म्हणजे सुताराचंच काम. अमेरिकेत यादवी युद्धात १८६१ साली जेम्स हँगर नावाच्या पोराचा पाय गेला, तर त्यानं पिंपाच्या लाकडी पट्ट्यांपासून स्वतःच स्वतःचा पाय केला आणि पुढे त्याचीच कंपनी काढली. डिग्री वगैरे काही नाही!

एक गोष्ट वाईट वाटते पण खरी आहे, या धंद्याला दरवेळी युद्धानंच पुढे ढकललंय. पहिल्या महायुद्धात लंडनजवळ रोहॅम्प्टनला जखमी सैनिकांसाठी हॉस्पिटल उभं राहिलं, १९१९ मध्ये बर्लिनला ओटो बॉक कंपनी निघाली. आपल्या बाजूला पुण्याचं आर्टिफिशियल लिम्ब सेंटर १९४४ चं, तेही सैनिकांसाठीच (गोव्यात तेव्हा पोर्तुगीज राज्य, त्यामुळे पुणं म्हणजे परदेशच). दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत पाय गेलेले सैनिक मिळालेल्या पायांवर इतके नाराज होते की सरकारला संशोधनावर पैसा ओतावा लागला, आणि त्यातूनच १९५० च्या दशकात बर्कलीच्या विद्यापीठात गुडघ्याखालच्या सॉकेटचं, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो त्या खोबणीचं, नवं डिझाइन आलं. तिथून हे काम नुसतं कोरायचं राहिलं नाही, हाडं, स्नायू, चाल, दाब कुठे सोसतो आणि कुठे नाही, हे सगळं शिकावं लागायला लागलं. मग शिकवायचं काय आणि किती यावर १९६८ साली डेन्मार्कमध्ये होल्टेला संयुक्त राष्ट्रांचं चर्चासत्र झालं, आणि १९७० ला या लोकांची आंतरराष्ट्रीय संघटना इस्पो स्थापन झाली.

भारतात मात्र गंमत बघा. मुंबईत हाजी अलीची पुनर्वसन संस्था १९५५ ची, कानपूरची कृत्रिम अवयव करणारी सरकारी कंपनी अलिम्को १९७२ ची, ओडिशात ओलटपूरला ट्रेनिंगची संस्था १९७५ ची, म्हणजे कामाची आणि शिक्षणाची सोय हळूहळू होत होती. आणि त्याच काळात, १९६८ च्या आसपास, जयपूरच्या सवाई मानसिंग हॉस्पिटलात डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा हे कारागीर, सगळे त्यांना मास्टरजी म्हणायचे, या दोघांनी मिळून जयपूर फूट केला. परदेशी पायाला बूट घालावा लागायचा, मांडी घालता यायची नाही, उकिडवं बसता यायचं नाही. आपल्या माणसाला शेतात चिखलात उतरायचं असतं, मग हा पाय रबरात केला, टायर रिट्रेडिंगला वापरतात तसलं रबर. सेठींना १९८१ ला मॅगसेसे मिळालं. मास्टरजींचं नाव मात्र किती जणांना माहीत आहे ते तुम्हीच सांगा.

पुढे १९९२ चा पुनर्वसन परिषदेचा कायदा आला आणि मास्टरजींसारख्यांची वाट कागदावर बंदच झाली. आता बारावी सायन्स, मग बीपीओ (कॉल सेंटरवालं नव्हे, बॅचलर इन प्रोस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्स), इंटर्नशिप धरून साडेचार वर्षं, वर दोन वर्षांचं एमपीओ, म्हणजे त्यातलंच मास्टर्स, आणि परिषदेकडे नोंदणी. नोंदणीशिवाय प्रॅक्टिस केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये! म्हापशाच्या बाजारात एका शुक्रवारी त्याहून जास्त जातात. पण मला नोंदणीचं पटतं, कारण चुकीचा सॉकेट जखम करतो आणि शुगरवाल्याची जखम परत ऑपरेशन टेबलावर नेते.

आता युद्ध नाही, पोलिओही गेला, देशातली शेवटची केस जानेवारी २०११ ची, त्यामुळे पूर्वी गावागावात दिसायचे ते लहान मुलांचे कॅलिपर कमी झाले. गोव्यात त्यांची जागा शुगरनं घेतलीय. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या मोठ्या सर्व्हेत डायबिटीसचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के. म्हणजे या लोकांचं बरंचसं काम पाय कापायच्या आधीचंच, तळव्यावरचा दाब वाटून देणारे इनसोल, मऊ एमसीआर रबराच्या चपला. त्या चपलाही मुळात कुष्ठरोग्यांसाठी वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांच्या कामातून पुढे आल्या.

आमच्या आजोबांचं म्हणाल तर प्लास्टरचा साचा घेतला, साचा कानशीनं कुठे घासला, कुठे वर थर चढवला, मग सॉकेट झाला. वर्षभरात उरलेला पाय बारीक झाला, तीन मोजे चढवले तरी सॉकेट गरगर फिरायला लागला. आजोबा म्हणाले पायच बदला. त्या पोरीनं, हो, करणारी पोरगीच आहे, पंजा तोच ठेवला आणि नुसता सॉकेट नवा करून दिला.