तोच आकडा, वेगळा हिरवा

एडिट करताना रसरशीत दिसणारा फोटो दुसऱ्याच्या मोबाइलवर मलूल दिसला, की आपण त्याच्या स्क्रीनला दोष देतो. पुष्कळदा स्क्रीन ठीकच असते. फोटोतले आकडे कोणत्या कलर स्पेसमधले आहेत, एवढंच तिला कळलेलं नसतं.

फाइलमध्ये रंग नसतात, आकडे असतात. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा आणि निळा असे तीन. ‘हिरवा २५५’ म्हणजे नेमका कोणता हिरवा, हे कलर स्पेस ठरवते. सगळ्यात रुळलेली एसआरजीबी १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्टने तेव्हाच्या सीआरटी, म्हणजे पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरवरून बेतली. १९९८ची अडोबी आरजीबी तिच्याहून मोठी. दोघींचे मूळ लाल आणि निळा एकच, फरक हिरव्याचा. त्यामुळे छापखान्याची सायन शाई ज्या निळसर-हिरव्या छटा देऊ शकते, पण एसआरजीबीत मावत नाहीत, त्यातल्या बऱ्याच इथे मावतात. कोडॅकची प्रोफोटो आरजीबी तर इतकी ऐसपैस, की तिच्या काठावरचे काही ‘रंग’ माणसाच्या डोळ्याला दिसूच शकत नाहीत.

आता गफलत कुठे होते ते पाहा. एसआरजीबीतला सर्वांत भडक हिरवा म्हणजे ०, २५५, ०. हाच रंग अडोबी आरजीबीत लिहायचा तर आकडे होतात १४४, २५५, ६०. प्रोफाइल, म्हणजे आकडे कोणत्या कलर स्पेसमधले हे सांगणारी फाइलमधली नोंद, न वाचणारं अॅप हे आकडे एसआरजीबीचे समजतं आणि पिवळट, फिका पोपटी दाखवतं. लालचंही तसंच: २५५चा २१९ होतो आणि अॅप तो २१९ म्हणूनच रंगवतं. चेहऱ्यांवरची रया जाते ती इथे.

मोठी कलर स्पेस घेतली की जास्त रंग मिळतात, हा समज मला फार घातक वाटतो. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाला २५६च पायऱ्या. जिना लांबवला आणि पायऱ्या तेवढ्याच ठेवल्या, तर प्रत्येक पायरी उंच होणारच. मग निळ्या आकाशात पट्टे उमटतात. म्हणून प्रोफोटोत काम करायचं तर १६ बिटमध्येच, तिथे हाताशी ६५,००० हून जास्त पायऱ्या असतात. रॉ, म्हणजे सेन्सरवरची कच्ची माहिती जशीच्या तशी ठेवणारे फोटो काढणाऱ्यांनी कॅमेऱ्यातल्या कलर स्पेसच्या सेटिंगची चिंता करू नये, ते जेपेगपुरतं असतं. थेट जेपेग काढून पाठवणाऱ्यांनी मात्र एसआरजीबीच ठेवावी.

शेअर करताना प्रोफाइल ‘कन्व्हर्ट’ करायचं, ‘असाइन’ नाही. कन्व्हर्ट केल्यावर रंग तोच राहतो, आकडे बदलतात. असाइन केल्यावर आकडे तेच राहतात आणि रंग बदलतो. एक्सपोर्ट करताना प्रोफाइल फाइलमध्ये एम्बेड होऊ द्यावं, म्हणजे फाइलसोबतच जाऊ द्यावं. डिस्प्ले पी३ ही एसआरजीबीहून मोठी कलर स्पेस दाखवणारे फोन आता खूप आहेत, पण फोटो कोण कशावर पाहणार हे माहीत नसेल तर एसआरजीबीच बरी.

तरीही गर्द लाल फुलाचा फोटो कन्व्हर्ट केल्यावर एकदा मोठा करून पाहाच. एसआरजीबीत न मावणारे सगळे लाल तिच्या काठावर येऊन थांबतात, पाकळीवरच्या शिरा पुसल्या जातात आणि उरतो सपाट लाल डाग. अशा वेळी सॉफ्ट प्रूफ (कन्व्हर्ट केल्यावर फोटो कसा दिसेल ते आधीच स्क्रीनवर दाखवणारी सोय) सुरू करून फक्त लालचं सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, शिरा परत दिसेपर्यंत हळूहळू उतरवायचं आणि मगच एक्सपोर्ट करायचं.