छापा-काटा आणि मयरसतजभन

पुण्यात दहावीला गणित शिकवताना एका प्रश्नापाशी मी दरवर्षी जास्त रेंगाळते: तीन नाणी एकाच वेळी फेकली, नमुना अवकाश (म्हणजे शक्य त्या सगळ्या निष्पत्तींचा संच) लिहा. निष्पत्ती आठ. पण कित्येक वह्यांत सातच निघतात, नाहीतर एखादी दोनदा आलेली असते.

व्याकरणातलं वृत्तांचे गण लक्षात ठेवायचं 'यमाताराजभानसलगा' मात्र तोंडपाठ असतं. त्यातले आठ गण, म्हणजे लघू (ऱ्हस्व) आणि गुरू (दीर्घ) अक्षरांचे तीन-तीनचे गट, म्हणजे हाच नमुना अवकाश! गुरूच्या जागी छापा, लघूच्या जागी काटा ठेवा.

प्राचीन छंदशास्त्रकार पिंगलाच्या छंदःशास्त्रात अशा यादीला प्रस्तार म्हणतात. पुढच्या छंदशास्त्रकारांनी त्याची कृती नेमकी सांगितली. पहिली ओळ सगळ्या गुरूंची. मग डावीकडून पहिला गुरू शोधायचा, त्याच्याखाली लघू लिहायचा. उजवीकडचं जसंच्या तसं उतरवायचं, डावीकडे सगळे गुरू भरायचे. सगळे लघू आले की थांबायचं. गगग, लगग, गलग, ललग, गगल, लगल, गलल, ललल. गणांच्या नावांनी: म, य, र, स, त, ज, भ, न. काही सुटत नाही, काही दोनदा येत नाही. मला ही कृती फार सुंदर वाटते, कारण ती आठवणीवर विसंबत नाही. दहाव्या शतकात हलायुधाने पिंगलावरच्या टीकेत मेरुप्रस्तार, म्हणजे प्रत्येक आकडा वरच्या दोन आकड्यांची बेरीज असलेला आकड्यांचा त्रिकोण, उलगडला. त्याची चौथी ओळ १, ३, ३, १. शून्य, एक, दोन, तीन छापे किती ओळींत येतात, ते हेच आकडे.

युरोपात सगळ्या शक्यता मोजण्याचा हा विचार जुगारातून आला. तीन फाशांची बेरीज ९ किंवा १० यावी अशी त्रिकुटं सहा-सहाच, मग १० जास्त वेळा का पडते? गॅलिलिओने कोणता अंक कोणत्या फाशावर हेही धरून मोजलं: २१६ पैकी ९ साठी २५, १० साठी २७. तरीही १७५४ साली दालांबेरसारखा फ्रेंच गणिती चुकला. नाण्याच्या दोन फेकींत निदान एक छापा येण्याची संभाव्यता त्याने २/३ सांगितली. पहिल्याच फेकीत छापा आला तर दुसरी कशाला, म्हणून त्याने तीनच शक्यता धरल्या आणि त्या समान मानल्या. खरं उत्तर ३/४. माझ्या वर्गातही हीच चूक होते, म्हणून ती मी कधी हसण्यावारी नेत नाही.

निष्पत्तींचा संच आधी मांडायचा ही आजची शिस्त रशियन गणिती कोल्मोगोरोव्हच्या संभाव्यतेच्या १९३३च्या मांडणीने पक्की केली. बालभारतीच्या पुस्तकात नमुना अवकाश S म्हणून महिरपी कंसात लिहितात, तेही त्याच वळणाचं.

आता वर्गात चार नाण्यांचा प्रश्न आला की मुलं छछछछपासून सुरू करतात आणि सोळाव्या ओळीला ककककवर थांबतात.