खोकतोय की ओकतोय?

रात्री दोन वाजता अंधारात आवाज येतो. खॅक, खॅक, खॅक आणि शेवटी घशाच्या तळातून एक लांब ‘ह्वाऽक’. दिवा लावून बघावं तर कुत्रा मान पुढे काढून उभा, फरशीवर चमचाभर पांढरा फेस, आणि हा आपल्याकडे बघून शेपूट हलवतोय. घरातल्या तिघांची तीन मतं तयार असतात: उलटी झाली, घशात काहीतरी अडकलं, नको ते काहीतरी खाल्लं. बऱ्याचदा तिन्ही चूक निघतात. तो खोकलेला असतो.

गोंधळ होणं साहजिक आहे. आपण खोकतो आणि कफ थुंकून टाकतो, कुत्र्याला थुंकता येत नाही. उबळीबरोबर श्वासनळीतला चिकट स्राव घशाशी येतो, तिथे खवखवलं की ओकारी येते, थोडा फेस बाहेर पडतो किंवा तो परत गिळला जातो. फरशीवर काही पडलं म्हणून ते पोटातूनच आलं असं नाही. माझा बंड्या पहिल्यांदा असा खोकायला लागला तेव्हा मी दोन दिवस ते अपचन समजून त्याला अर्धपोटी ठेवलं होतं. बिचारा भुकेने आणखी केविलवाणा दिसायचा, आणि ते बघून माझी खात्री आणखी पक्की व्हायची.

फरक ओळखायचा तर तोंडाकडे बघू नका, कुशीकडे बघा. खोकल्यात छाती भाता दाबल्यासारखी एकदम आत जाते, झटका तिथून सुरू होतो, आवाज आधी येतो आणि ओकारी मागून. उलटीचा क्रम वेगळा. आधी काही मिनिटं कुत्रा अस्वस्थ असतो, ओठ चाटतो, आवंढे गिळतो, लाळ वाढते, जागा बदलतो. मग पाठीला बाक येतो, डोकं खाली जातं आणि बरगड्यांच्या मागचं पोट लाटेसारखं आत ओढलं जातं, पुन्हा पुन्हा, एका लयीत. त्यानंतर जे पडतं त्यात अन्न असतं, नाहीतर पिवळं पित्त.

खाल्लेलं अन्न काही जोर न लावता, नुसतं मान खाली घातल्यावर न पचलेलं, लांबट गोळ्यासारखं पडलं, तर ती उलटी नाही आणि खोकलाही नाही. ते अन्ननलिकेतूनच परत आलेलं असतं. एखाद्या वेळी हावरटपणाने खाल्ल्यावर होतं, पण वारंवार होत असेल तर डॉक्टरांना दाखवायला हवं, कारण असं अन्न श्वासनळीत गेलं की न्यूमोनिया होतो. आणि कोपर बाहेर काढून, मान ताणून नाकातून हवा आत ओढत घोरल्यासारखा आवाज करत असेल, मिनिटभरात थांबून काही झालंच नाही असा चालायला लागत असेल, तर ती ‘रिव्हर्स स्नीझ’, म्हणजे उलट्या दिशेने, हवा आत ओढत येणारी शिंक. दिसते भयंकर, पण क्वचित येत असेल तर काळजीचं कारण नाही.

आता खरा प्रश्न: कधी थांबायचं आणि कधी निघायचं? इथे आपले कान आपल्याला फसवतात. सगळं घर जागं करणारा, हंसाच्या ओरडण्यासारखा ठणठणीत खोकला पुष्कळदा सकाळपर्यंत थांबू शकतो. दबक्या, कोरड्या ओकाऱ्या, ज्यांच्याकडे टीव्ही चालू असताना कुणाचं लक्षही जात नाही, त्या थांबू शकत नाहीत.

आधी तो ठणठणीत खोकला. चार कुत्री एकत्र येतात अशा ठिकाणाहून, म्हणजे बोर्डिंग, ग्रूमिंग किंवा ट्रेनिंगहून आल्यावर 2 ते 14 दिवसांत तो सुरू झाला, पट्टा ओढला की उबळ येते, पण खाणंपिणं आणि खेळणं नेहमीसारखं आहे, तर बहुधा ‘केनेल कफ’ (kennel cough), म्हणजे कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला. हे एका जंतूचं नाव नाही. बोर्डेटेला नावाचा जिवाणू, पॅराइन्फ्लुएन्झा, अ‍ॅडेनोव्हायरस हे विषाणू असे अनेकजण एकेकटे किंवा मिळून हे काम करतात. धडधाकट कुत्रा साधारण 1 ते 3 आठवड्यांत बरा होतो. डॉक्टरांना फोन करून विचारा, पट्टा गळ्याऐवजी छातीला बांधा, इतर कुत्र्यांपासून लांब ठेवा. दवाखान्यात जायचंच झालं तर आधी कळवून बाहेर थांबा. वेटिंग रूममध्ये बसलेल्या दहा कुत्र्यांना तो सहज लागू शकतो.

पण हेच पिल्लाला झालं, म्हाताऱ्याला झालं, पगसारख्या चपट्या नाकाच्याला झालं, तर त्याच दिवशी दाखवा. ताप 103 फॅरनहाइटच्या वर, नाकातून हिरवट-पिवळा स्राव, जेवणाकडे पाठ, हेही त्याच रांगेत. लसीकरण न झालेल्या पिल्लाच्या खोकल्याबरोबर डोळे चिपडलेले असतील तर डिस्टेंपर या गंभीर विषाणूजन्य आजाराची शंका घ्यावी लागते, तिथे वाट बघण्यात अर्थ नाही.

पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर, चिवावा यांच्यात तसाच आवाज जन्माची साथ देतो. श्वासनळीच्या कुर्च्यांच्या कड्या मऊ पडून नळी चपटी होते, आनंदाने उड्या मारल्या तरी ठसका लागतो. असे कुत्रे वर्षानुवर्षं नीट जगतात. मात्र उबळीत जीभ निळसर पडली तर लगेच निघा.

वय झालेल्या लहान जातीच्या कुत्र्याचा रात्रीचा, पडल्यापडल्या येणारा खोकला मला जास्त खटकतो, कारण त्यामागे हृदयाची बिघडलेली झडप असू शकते. यासाठी घरबसल्या एक चाचणी करता येते. कुत्रा गाढ झोपलेला असताना छाती वर जाऊन खाली आली की एक, असं 30 सेकंद मोजा आणि दुप्पट करा. झोपेत मिनिटाला 30 पर्यंत ठीक. पुन्हा पुन्हा मोजूनही त्याच्या वर येत असेल तर त्याच दिवशी फोन. झोपेत तो स्वप्न बघून पाय झाडत असेल तर ती मोजणी सोडून द्या. जागेपणी मान ताणून, पोट ओढत श्वास घेत असेल, आडवं व्हायलाच तयार नसेल, तर मोजत बसू नका, निघा.

आणि आता त्या कोरड्या ओकाऱ्या. एका मित्राच्या जर्मन शेफर्डला मी हे बघितलंय. संध्याकाळी जेवला, तासाभराने फेऱ्या मारायला लागला. बसायचा, लगेच उठायचा, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघायचा. मग पाठ वाकवून उलटीचा पूर्ण आव, पण बाहेर काही नाही, फक्त दोरीसारखी लोंबणारी चिकट लाळ. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. मित्र म्हणाला, ‘गॅस झालाय, फिरवून आणतो.’ त्याच्या आईने पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘हे ढोलासारखं लागतंय.’ त्या एका वाक्यामुळे ते फिरायला न जाता दवाखान्यात गेले. रात्री ऑपरेशन झालं, कुत्रा वाचला.

झालं होतं ते असं: जठर वायूने फुगतं आणि स्वतःभोवती पिळलं जातं. पिशवीला पीळ दिल्यावर होतं तसं, वरचं तोंडही बंद आणि खालचंही. म्हणूनच ओकारी येते आणि काही पडत नाही. फुगलेलं जठर मोठ्या शिरांवर दाब देतं, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, जठराचा रक्तपुरवठा तुटतो. काही तासांत खेळ संपतो. ग्रेट डेन, डॉबरमन, सेटर, शेफर्ड अशा मोठ्या, खोल छातीच्या जातींना धोका अधिक, पण इतरांना होतच नाही असं नाही. पोट फुगलेलं दिसेलच याचाही भरवसा नाही, ते बरगड्यांखाली लपलेलं असतं. इथे घरगुती उपाय करायचा नाही, पाणी पाजून बघायचं नाही, सकाळची वाट बघायची नाही.

‘घशात अडकलंय’ याबद्दलही थोडं. जो मोठ्याने खोकतोय त्याच्या नळीतून हवा जातेय. खरं गुदमरणं शांत असतं: तोंड उघडं, पंजे तोंडावर, आवाज नाही, हिरड्या निळ्या-करड्या. तेव्हा जबडा उघडून बघा, चेंडू किंवा तुकडा दिसत असेल आणि बोटाने ओढता येत असेल तर काढा. दिसत नसताना बोट घालून चाचपडलं तर वस्तू आणखी आत जाते. लहान कुत्र्याला डोकं खाली करून धरा. मोठ्याच्या मागे उभं राहून बरगड्यांच्या अगदी मागे, पोटावर वरच्या व पुढच्या दिशेने झटके द्या. वस्तू निघाली तरी दाखवून आणा.

मात्र जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, गिळता येत नाहीये, भुंकण्याचा आवाज बदललाय आणि वागणं विचित्र आहे असा कुत्रा दिसला तर हात तोंडात घालूच नका. रेबीजमध्ये हुबेहूब हाडूक अडकल्यासारखं दिसतं. लाळ जखमेला, डोळ्याला किंवा तोंडाला लागली असेल तर 15 मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा, कातडीला साबणही लावा, आणि आधी स्वतःच्या डॉक्टरकडे जा.

आपल्या खोकल्याचं औषध त्याला द्यायचं नाही. त्यात पॅरासिटामॉल असू शकतं, शुगर-फ्री असेल तर झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ, दोन्ही कुत्र्यांना घातक. शिवाय फुफ्फुसात पाणी किंवा कफ असेल तर खोकला दाबणं म्हणजे निचऱ्याचं भोक बुजवणं.

पुढच्या उबळीचा व्हिडिओ काढा, कुशी दिसतील असा, बाजूने. दवाखान्यात गेल्यावर कुत्रा हमखास गुणी बाळासारखा बसतो. आणि फोनवर नुसतं ‘खोकतोय’ म्हणू नका. तेवढ्यावर उद्या संध्याकाळची वेळ मिळेल. ‘तासभर ओकाऱ्या काढतोय, काहीच पडत नाही, पोट ताठ लागतंय,’ असं सांगितलंत तर पलीकडून पुढचा प्रश्न येईल, ‘किती वेळात पोचताय?’