बरणीतलं चुंबक आणि सोसायटीची लिफ्ट

१० मे २०२४ च्या रात्री अकराच्या सुमाराला ठाण्याच्या कोपरीतल्या आमच्या घरातले सगळे दिवे मालवून मी भिंतीवरच्या एका लाल ठिपक्याकडे टक लावून बसलो होतो. लोणच्याची रिकामी बरणी, तिच्या झाकणातून रेशमी धाग्यानं टांगलेलं बोटभर चुंबक, चुंबकाला चिकटवलेला नखाएवढा आरसा आणि त्या आरशावर रोखलेला लेझर, एवढाच सगळा सरंजाम. चुंबक जरा जरी वळलं, तरी तीन मीटर लांबच्या भिंतीवर ठिपका दुपटीनं सरकतो. त्या रात्री पृथ्वीवर मोठं सौरवादळ, म्हणजे सूर्यानं फेकलेला तप्त वायू, येऊन आदळणार असं दिवसभर सांगितलं जात होतं. त्यानं पृथ्वीचं चुंबकक्षेत्र हलतं आणि मला ते माझ्या भिंतीवर बघायचं होतं.

ठिपका एकदम सरकला. मी ओरडलो, “आलं!” अर्ध्या मिनिटात तो जागेवर परत आला आणि जिन्याकडून लिफ्टचा दरवाजा आपटल्याचा आवाज आला. आतल्या खोलीतून बायको म्हणाली, “सूर्य नाही, तिसऱ्या मजल्यावरचे काका आले सेकंड शिफ्टहून.”

आमच्या भिंतीपलीकडेच लिफ्टचा खड्डा आहे. त्यातून वर-खाली जाणारं लोखंडी वजन माझ्या चुंबकाला पंधरा कोटी किलोमीटरवरच्या सूर्यापेक्षा फार जवळचं होतं.

हल्ली फोनवर भूकंप, ज्वालामुखी आणि सूर्य असे तिघे एकाच पडद्यावर शेजारी शेजारी दिसतात. लाल वर्तुळं, केशरी त्रिकोण, खाली सूर्याचा ताजा फोटो. त्यामुळे ते एकाच कुळातले वाटतात आणि मग “सूर्यावर स्फोट झाला, आता भूकंप येणार” असला निरोप सोसायटीच्या ग्रुपवर फिरतो. सौरवादळामुळे भूकंप होतात याला टिकेल असा पुरावा आजवर मिळालेला नाही. आणि तिघांमध्ये आधी कळण्याच्या बाबतीत तर जमीन-अस्मानाचा फरक आहे.

भूकंपाचं आधी कळतच नाही. झाल्यावर मात्र फार लवकर कळतं. कोयनेचंच गणित करून बघू. कोयना ते ठाणे सरळ रेषेत २०० किलोमीटरहून थोडं जास्त. जमीन तुटली की दोन प्रकारच्या लाटा निघतात. पहिली, प्राथमिक लाट, कवचाच्या खडकातून सेकंदाला साधारण ६ किलोमीटर धावते, दुसरी साडेतीन. म्हणजे कोयनेला धक्का बसला की पस्तीसेक सेकंदांनी ठाण्यात पहिली लाट येणार. ती बहुतेकांना कळतही नाही, फार तर मांडणीवरची भांडी किणकिणतात. त्यानंतर २५-२६ सेकंदांनी दुसरी येते, ती हलवते. या दोन लाटांमधल्या अंतराचे सेकंद मोजून त्यांना आठानं गुणलं की भूकंप किती किलोमीटरवर झाला ते निघतं. तीन वेगवेगळ्या केंद्रांवरून अशी तीन अंतरं काढून नकाशावर तीन वर्तुळं मारली की ती जिथे एकमेकांना छेदतात तिथे भूकंपाचं ठिकाण. आता हे काम संगणक करतो, केंद्रं शेकड्यांनी असतात, पण मूळ युक्ती कंपासपेटीतलीच.

जपाननं २००७ पासून देशभर जी इशारा यंत्रणा लोकांसाठी चालवली आहे, ती या मधल्या काही सेकंदांवरच उभी आहे. पहिली लाट पकडायची आणि दुसरी पोचायच्या आत रेल्वेगाड्यांना ब्रेक लावायचा. ही भविष्यवाणी नव्हे. विजेचा संदेश लाटेपेक्षा वेगानं पळतो, त्याचा घेतलेला हा फायदा.

३० जुलै २०२५ ला पहाटे आपल्या घड्याळात ४ वाजून ५४ मिनिटं झालेली असताना रशियातल्या कामचात्काजवळ ८.८ चा भूकंप झाला. पृथ्वीच्या पोटातून वाट काढत त्याची पहिली लाट आपल्याकडे यायला अकरा-बारा मिनिटं लागतात. सव्वापाचच्या आत ती ठाण्याखालून गेलेली होती. दूधवाले, पहिल्या लोकलची घाई असलेले, कुणालाही पत्ता नाही. उपकरणांना मात्र तो ठसठशीत दिसतो. सुरुवातीला हाच भूकंप ८.० चा म्हणून जाहीर झाला होता, मग आकडा वाढत ८.८ वर गेला. असं झालं की लोक “लपवाछपवी” म्हणतात. खरं तर एवढ्या मोठ्या भूकंपात शेकडो किलोमीटर लांबीची भेग मिनिटं-मिनिटं उसवत असते आणि ती पुरती उसवायच्या आत मोजलं तर आकडा कमीच येणार.

आकड्यांची आणखी एक गंमत. ४ आणि ६ मध्ये फरक दोनचा दिसतो, पण प्रत्येक पायरीला ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते. दोन पायऱ्या म्हणजे हजारपट. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या गावांना जे लहान लहान हजारो धक्के बसले, त्यांनी भिंतींना तडे गेले, लोक थंडीत घराबाहेर तंबूत झोपले. ते सगळे धक्के एकत्र केले तरी ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाची बरोबरी होत नाही. “लहान धक्के बसले की ताण निघून जातो” हे वाक्य मी बऱ्याच जाणत्या लोकांकडून ऐकलंय. हिशोब केला तर ते टिकत नाही.

जगात दरवर्षी साधारण २०,००० भूकंपांची नोंद होते, म्हणजे रोज पन्नासेक. ७ च्या वरचे पंधरा-वीस, ८ च्या वरचा सरासरी एखादा. हे प्रमाण कमी-जास्त होत राहतं, पण “हल्ली भूकंप फार वाढलेत” असं वाटतं ते फोन प्रत्येक वेळी वाजतो म्हणून. भारतातल्या धक्क्यांची माहिती राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र देतं. ठाणे-नवी मुंबई भूकंपप्रवणतेच्या नकाशात गेली कित्येक वर्षं तिसऱ्या विभागात, म्हणजे मध्यम धोक्याचं क्षेत्र. पण २८ मार्च २०२५ ला म्यानमारमध्ये ७.७ चा भूकंप झाला आणि सुमारे हजार किलोमीटरवरच्या बँकॉकमध्ये बांधकाम चालू असलेला टॉवर कोसळला. लांबून येणाऱ्या संथ लाटा मऊ गाळात फुगतात आणि उंच इमारतींना झोके देतात. खाडीकाठच्या भरावावर चाळीस मजले चढवताना केंद्रबिंदू किती लांब, एवढंच बघून चालत नाही.

ज्वालामुखीचं जरा वेगळं. तो बहुधा आधी कुरबुर करतो. पोटात लाव्हारस चढू लागला की लहान धक्के बसतात, डोंगर काही सेंटिमीटर फुगतो, गंधकाचे वायू वाढतात. १९९१ मध्ये फिलिपाइन्सच्या पिनाटुबोची ही कुरबुर वेळेत ऐकली गेली आणि १५ जूनच्या महास्फोटाआधी हजारो लोकांना हलवता आलं. मात्र ऐकायला कुणीतरी तिथे कान लावून बसलेलं हवं. २३ नोव्हेंबर २०२५ ला इथिओपियातला हायली गुब्बी फुटला तेव्हा त्याचं नाव जगाला प्रथमच कळलं. त्याच्या आधीच्या उद्रेकाची इतिहासात नोंदच नाही. राख १४ किलोमीटर उंच गेली आणि तांबडा समुद्र, येमेन, ओमान, अरबी समुद्र ओलांडून दुसऱ्या दिवशी आपल्या आकाशात. विमानं रद्द झाली.

त्या दोन दिवसांत आमच्या ग्रुपवर मास्क घालायचे सल्ले आले. राख होती विमानाच्या उंचीवर आणि आपण श्वास घेतो गोखले रोडच्या उंचीवर. गोखले रोडची धूळ मास्क घालण्याच्या लायकीची आहे, ती गोष्ट निराळी.

वैमानिकांची भीती मात्र खरी. ही राख म्हणजे चुलीतली राख नव्हे, ती काचेची नि दगडाची पूड असते. जेट इंजिनाच्या उष्णतेत ती वितळते आणि आत पात्यांवर पुन्हा थिजते. जून १९८२ मध्ये लंडनहून निघून मुंबईत थांबून पुढे गेलेलं एक प्रवासी विमान इंडोनेशियावर रात्रीच्या अंधारात अशा ढगात शिरलं आणि त्याची चारही इंजिनं बंद पडली. खाली आल्यावर ती पुन्हा सुरू झाली म्हणून सगळे वाचले. कोरडी राख विमानाच्या हवामान रडारवर दिसत नाही. म्हणून आता जगाचं आकाश राखेचे इशारे देणाऱ्या नऊ केंद्रांनी वाटून घेतलंय. हायली गुब्बीचे इशारे फ्रान्समधल्या तूलूझहून निघाले होते.

आपल्या देशात जागता ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट. पण झोपी गेलेल्याच्या अंगाखांद्यावर तर आपण राहतोच आहोत. येऊरचा डोंगर, पारसिकचा डोंगर, खारघरच्या टेकड्या, सगळा थिजलेला लाव्हा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. येऊरच्या पायथ्याला पडलेला मूठभर काळा दगड मी एकदा घरी आणला आणि सहज बरणीपाशी नेला. ठिपका भिंतीवर चांगला चार बोटं सरकला. दगड उलटा धरला, तर ठिपका उलट्या बाजूला!

काळ्या दगडात मॅग्नेटाइट नावाचं चुंबकीय लोहखनिज असतं. लाव्हा निवून ५८० अंशांच्या खाली आला, की त्या वेळी पृथ्वीचं चुंबकक्षेत्र ज्या दिशेला असेल ती दिशा दगडात कायमची गोठते. दख्खनच्या लाव्हाच्या बऱ्याच थरांत ती आजच्या उलट सापडते. ते थर निवले तेव्हा होकायंत्र असतं, तर त्याचं उत्तरेचं टोक दक्षिणेला वळलं असतं.

याच कारणानं अलिबागची चुंबकीय वेधशाळा बांधताना इथला काळा दगड चालला नाही. पोरबंदरचा वालुकाश्म आणला, बिजागऱ्या-कड्या पितळ-तांब्याच्या बसवल्या. आणि ती अलिबागला का गेली, तर माझ्या लिफ्टच्याच जातीची कटकट. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून चुंबकक्षेत्राच्या नोंदी चालू होत्या. विसाव्या शतकाच्या तोंडावर घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम येणार हे ठरलं. ट्रामचा प्रवाह जमिनीतून परतताना भोवती चुंबकक्षेत्र तयार करतो, म्हणजे सुई शहराचं ऐकणार, पृथ्वीचं नाही. तेव्हाचे संचालक नानाभॉय मूस यांनी खाडीपलीकडे अलिबाग निवडलं. १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी बरोबरीनं मोजमाप करून सांधा नीट जुळवला आणि मगच कुलाबा थांबवलं. १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली. माझ्या मते या गोष्टीतली सगळ्यात देखणी बाब ती दोन वर्षं आहेत. घाई केली असती तर साखळी तिथेच तुटली असती. अलिबागची वेधशाळा आज नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे.

कुलाब्याच्या त्या वह्यांमध्ये २ सप्टेंबर १८५९ चं एक पान आहे. आदल्या दिवशी लंडनजवळ रिचर्ड कॅरिंग्टन या खगोलशास्त्रज्ञानं सूर्यावरच्या डागांपाशी पांढरा लखलखाट पाहिला होता. साडेसतरा तासांनी वादळ पृथ्वीवर पोचलं. मुंबईत तेव्हा सकाळ होती आणि कुलाब्याच्या निरीक्षकांनी सुई डोळ्यानं बघून लिहिलेल्या आकड्यांत चुंबकक्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लानं (चुंबकक्षेत्राचा जोर मोजायचं हे एकक) खाली गेलेलं दिसतं. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशातून त्या वादळाची मिळालेली ही मोलाची नोंद, अजूनही अभ्यासक तिच्याकडे वळतात.

सूर्याचं वेळापत्रक तसं दयाळू आहे. स्फोटाचा प्रकाश आठ मिनिटांत येतो, पण बाहेर फेकलेल्या तप्त वायूला पोचायला एक ते तीन दिवस लागतात. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटर अलीकडे उभी असलेली यानं, ज्यांत जानेवारी २०२४ पासून आपलं आदित्य एल-१ सुद्धा आहे, त्या वायूचा वेग आणि त्याच्या चुंबकक्षेत्राची दिशा मोजून अर्धा-पाऊण तास आधी पक्कं सांगू शकतात. दिशा महत्त्वाची. ती दक्षिणेकडे असेल तर पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राचं दार उघडतं, उत्तरेकडे असेल तर बरंचसं वादळ बाहेरून निघून जातं. मार्च १९८९ मध्ये हे दार उघडलं आणि कॅनडातल्या क्वेबेकची वीज नऊ तास गेली.

१० मे २०२४ ला वादळ आपल्या वेळेनं रात्री साडेदहानंतर थडकलं. लडाखमध्ये हानले इथे आकाश तांबूस झालेलं कॅमेऱ्यांनी टिपलं. मी भिंतीकडे बघत बसलो आणि लिफ्टच्या फेऱ्या मोजल्या. नंतर वाचताना कळलं की लिफ्ट नसती तरी फारसं दिसलं नसतं. आपल्या अक्षांशावर वादळात चुंबकक्षेत्राचा जोर कमी होतो, दिशा थोडीच बदलते, आणि माझी बरणी फक्त दिशा दाखवते. म्हणजे रात्रभर मी चुकीच्या काट्याकडे बघत होतो.

पुढे त्या हिवाळ्यात एका रविवारी तळमजल्यावर पाटी लागली : “दुरुस्तीच्या कामासाठी लिफ्ट दिवसभर बंद राहील.” चौथ्या मजल्यावरच्या आजी सेक्रेटरींना जिन्यातूनच ऐकवत होत्या. मी सकाळी आठला भिंतीवर ठिपक्याच्या जागी पेन्सिलीनं रेघ मारली आणि दर तासाला मारत गेलो. अंगावर येणारं काही नव्हतं, सूर्य शांत होता. तरी दुपारी दोनपर्यंत ठिपका पहिल्या रेघेपासून पाचेक मिलिमीटर सरकला आणि संध्याकाळी हळूहळू परत फिरला. रोज सूर्याच्या उन्हानं शंभरेक किलोमीटर उंचीवरची हवा तापते, तिच्यात विजेचे प्रवाह वाहतात आणि त्यांच्यामुळे जगभरचे होकायंत्राचे काटे रोज एवढेसे डोलतात. साडेपाचला लिफ्ट सुरू झाली. रेघा अजून भिंतीवर आहेत. रंग काढायची वेळ आली की त्यांचं काय करायचं यावर घरात एकमत नाही.