लोकरीच्या गिरण्या आणि नोकरदार आई : पार्श्वभूमी

लोकर उद्योगात नवे तंत्रज्ञान आले की चर्चा उत्पादन, मजुरी आणि गेलेल्या रोजगाराची होते. मुलांच्या आयांवर त्याचा काय परिणाम होतो, हा प्रश्न सहसा उशिरा विचारला जातो. हा उशीर जुना आहे, आणि त्याचा माग काढायचा तर इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्याकडे जावे लागते, कारण यांत्रिक लोकर उद्योगाची घडी तेथेच बसली.

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत लोकर कातण्याचे काम मुख्यतः बायकांचे होते आणि ते घरीच चाले. मोठ्या चरख्यावर कातणारी बाई उभी राहून एका हाताने चाक फिरवी आणि दुसऱ्या हातातील पेळू ओढत पावलापावलाने मागे सरके. धागा पुरेसा लांब झाला की पुढे येऊन तो चातीवर गुंडाळी. मूल रडले तर चाक तिथेच थांबवता येई. मजुरी तुटपुंजी होती आणि व्यापारी वजनात काटछाट करत, त्यामुळे त्या काळाला सुखाचा म्हणण्याचे कारण नाही. पण काम केव्हा थांबवायचे हे पुष्कळसे त्या बाईच्या हाती होते, आणि पुढे यंत्रांनी काढून घेतली ती नेमकी हीच गोष्ट.

एका विणकराला पुरेल इतके सूत काढायला अनेक कातणाऱ्या लागत. १७३३ मध्ये जॉन के याने धावत्या धोट्याचे पेटंट घेतले आणि विणकामाचा वेग वाढून सुताची टंचाई आणखी जाणवू लागली. त्यानंतर हारग्रीव्हजची अनेक चात्यांची जेनी आणि आर्कराइटची पाण्यावर चालणारी चौकट ही यंत्रे आली. ती कापसासाठी घडवलेली होती, तरी लवकरच लोकरीलाही वापरली जाऊ लागली. कातणाऱ्या बायकांनी हे निमूटपणे सोसले नाही. १७८८ मध्ये लेस्टरच्या बायकांच्या नावाने यंत्रकताईविरुद्ध अर्ज करण्यात आला आणि आपली संख्या साडेअठरा हजार असल्याचा दावा त्यात होता. १८१२ च्या सुमारास यॉर्कशायरमधील कापड कातरणाऱ्या पुरुष कारागिरांनी केलेली यंत्रांची मोडतोड इतिहासात गाजली, तर त्यांच्याआधी ज्यांचे काम गेले त्या बायकांची नोंद त्या मानाने फारच थोडी उरली आहे.

घरचे काम म्हणजे आरोग्याचे काम, असेही नव्हते. यॉर्कशायरमधील ब्रॅडफर्ड शहराच्या परिसरात लोकर विंचरण्याच्या पोलादी दातांच्या फण्या तापवण्यासाठी कोळशाची शेगडी पेटती ठेवावी लागे, आणि बहुतेकदा त्याच खोलीत कुटुंब झोपत असे. १८४५ मध्ये तेथील विंचरणाऱ्यांच्या वस्त्यांची पाहणी झाली, तेव्हा दमट, कोंदट आणि धुराने भरलेल्या खोल्यांची वर्णने पुढे आली. विंचरण्याची यंत्रे आल्यावर ही शेगडी घरातून गेली, हा त्या यंत्रांचा फायदा मान्य केला पाहिजे. मात्र शेगडीबरोबर घरच्या पुरुषाची मजुरीही गेली, आणि गिरणीतल्या बाईच्या मिळकतीवर संसाराचा भार वाढला.

गिरणीत सगळी यंत्रे एकाच वाफेच्या इंजिनावर, छताजवळून जाणाऱ्या दांड्याने आणि पट्ट्यांनी चालत. एका बाईला अडचण आली म्हणून सारा कारखाना थांबणे शक्य नव्हते. तान्हे मूल आजीकडे, मोठ्या बहिणीकडे किंवा पैसे घेऊन सांभाळणाऱ्या शेजारणीकडे राही. मूल शांत राहावे म्हणून अफू मिसळलेली ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’सारखी औषधे पाजली जात आणि ती दुकानात सहज मिळत. याचा सगळा दोष आयांना देणारे सभ्य लोक त्या काळी पुष्कळ होते. गिरणीच्या वेळापत्रकाकडे बोट दाखवणारे मात्र कमी.

१८४४ च्या कायद्याने स्त्रियांचे तास बारावर आणले व त्यांची रात्रपाळी बंद केली. १८४७ च्या कायद्याने कामाचा दिवस दहा तासांचा ठरवला. बाळंतपणानंतर चार आठवडे स्त्रीला कामावर ठेवण्यास १८९१ मध्ये बंदी आली, पण त्या आठवड्यांचे वेतन कोण देणार याबद्दल कायदा गप्प होता. ज्या घरात दर आठवड्याच्या मजुरीवर चूल पेटते तेथे असे बिनपगारी संरक्षण शिक्षेसारखे वाटले, तर नवल नाही. १९११ च्या विमा कायद्याने तीस शिलिंगांचा प्रसूतिलाभ दिला, आणि ही रक्कम आईचीच मानावी हे स्त्रियांच्या सहकारी संघटनेच्या रेट्यामुळे १९१३ मध्ये मान्य झाले.

ब्रॅडफर्डने मुलांच्या बाजूने काही वेगळे करून पाहिले. १९०७ मध्ये तेथील शाळेत गरीब मुलांना जेवण देऊन त्यांची वजने घेण्यात आली, तेव्हा जेवण मिळत असताना वजन वाढते आणि सुटीत ते घटते, असे दिसले. त्याआधी गिरणीमालक टायटस सॉल्ट याने आपल्या सॉल्टेअर गावात वाफेवर चालणारी धुण्याची यंत्रे बसवलेले सार्वजनिक धुणीघर उभारले होते. आईच्या घरकामासाठी यंत्र वापरण्याचा तो या उद्योगातला विरळा प्रयत्न. तो टिकला नाही; एक कारण असे असावे की घरचे कपडे चारचौघांत धुणे बायकांना रुचले नसेल.

दुसऱ्या महायुद्धानंतर यंत्रे महाग झाली आणि ती चोवीस तास चालवल्याशिवाय खर्च भरून निघेना. स्त्रियांच्या रात्रपाळीवर निर्बंध असल्याने रात्री पुरुष कामगार, त्यांत पाकिस्तान व भारतातून आलेले बरेच, काम करू लागले. विवाहित स्त्रियांसाठी संध्याकाळची छोटी पाळी निघाली, म्हणजे नवरा घरी आला की मुले त्याच्यावर सोपवून बाईने गिरणी गाठायची. पाळणाघराचा प्रश्न अशा रीतीने गिरणीने घरावर ढकलला. बाळंतपणाची रजा आणि कामावर परतण्याचा हक्क १९७५ च्या कायद्याने दिला, तोही सलग दोन वर्षे नोकरी झालेल्या स्त्रियांना. तोपर्यंत यॉर्कशायरमधील लोकरीच्या गिरण्या एकामागून एक बंद पडू लागल्या होत्या.